शब्दावरचं पेन्शन

आमच्या हडर्सफील्डच्या गल्लीत नॉर्माइतकी फटकळ बाई दुसरी नाही. घटस्फोट ठरला तेव्हा तिच्याच स्वयंपाकघरात चहा पिता पिता तिच्या नवऱ्याने, ट्रेव्हरने, आपलं अग्निशमन दलाचं पेन्शन अर्धं-अर्धं करायचं कबूल केलं आणि हात मिळवला. वकिलाला कशाला पोसायचं, म्हणून दोघंही खूश! पण पेन्शनवाले म्हणाले, कोर्टाचा हुकूम आणा, त्याशिवाय वाटणी नाही. झक मारत दोघं अर्ज करायला वकीलबाईकडे गेले.

सहीची वेळ आली तसा ट्रेव्हर फुरंगटला. "अगं, हातात हात घेऊन शब्द दिलाय ना मी? मग हे कोर्टबिर्ट कशाला?"

वकीलबाईंनी हसू दाबत पेन पुढे केलं.

"अरे, चर्चमध्येसुद्धा हातात हात घेऊनच दिला होतास," नॉर्मा म्हणाली. "कर सही."