मराठीचा आडोसा

आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांना एक खोड आहे. दुकानात, दवाखान्यात, टेंपोत, चारचौघांत काही लपवून बोलायचं असलं की आम्ही मराठीत बोलतो. दौलतगंजातल्या साडीवाल्यासमोर ‘याचा रंग जाणार बरं का’ असं खुशाल म्हणायचं आणि त्याच्याकडे बघून गोड हसायचं. त्याला काय कळतंय! याच आडोशानं एके संध्याकाळी आमच्या ह्यांचं पितळ उघडं पाडलं.

हे म्हणजे माझे यजमान. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बाड्याच्या चौकात चार नमस्कार घेणारे, आणि घरात दुपारपासूनच ग्लास घेऊन बसणारे. मुलगी इंदूरला, तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. पण पोरीनं फोनवर साफ सांगितलं. तिचं मराठी अर्ध्या वाटेत हिंदीकडे वळतं, तसंच तेव्हाही वळलं.

“आई, बाबा पीत असतील तर मी नाही येणार. बच्चे को उस घर में नहीं लाऊँगी.”

मी कोणत्या तोंडानं ये म्हणणार? दुपटी शिवायला आईची जुनी लुगडी काढायची म्हणून मी ट्रंक माळ्यावरून खाली घेतली होती. ती तशीच बंद राहिली.

कंपू भागातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की दारू सोडू बघणाऱ्यांच्या बैठका भरतात, तिथे यांना न्या. एक बैठक तर आमच्याच लष्कर भागात, घरापासून चालत जाण्याजोगी. तिथे पाऊल टाकणार नाही, असं हे म्हणाले. लष्करात मराठी माणूस शिंकला तरी सगळ्यांना कळतं, म्हणे. मग पिऊन जिन्यात पडलात ते कुणाला कळलं नाही वाटतं, असं मी विचारलं. शेवटी ह्याला त्याला फोन करून मीच शहराच्या दुसऱ्या टोकाची, मुरारची बैठक शोधली. तिकडे ओळखीचं कोण असणार, या भरवशावर हे एकदाचे तयार झाले. त्या दिवशी घरच्यांनाही बसू देणार होते, म्हणून मीही स्कूटरवर मागे बसले. नाहीतर हे वाटेतूनच परतायचे.

बैठक एका शाळेच्या वर्गात होती. पोरांच्या बाकांवर गुडघे आखडून सगळी मोठी माणसं बसलेली. पांढऱ्या मिशांचे एक काका बैठक चालवत होते. त्यांनी अगदी इकडच्या ठसक्याच्या हिंदीत सांगितलं की आईच्या दहाव्याला ते शुद्धीवर नव्हते, पिंडदान धाकट्या भावानं केलं. कुणी च्‌च्‌ केलं नाही, कुणी उपदेशही केला नाही. मला त्याचंच नवल वाटलं.

मग यांची पाळी आली. उभे राहून ऑफिसातल्या झकास हिंदीत म्हणाले की मी कधीमधी घेत होतो, आता सुटल्यातच जमा आहे, बायकोच्या समाधानासाठी आलोय. टाळ्याही पडल्या. खाली बसले आणि माझ्याकडे झुकून, इथे कुणाला कळतंय म्हणून आवाज न दाबताच, मराठीत म्हणाले, “झालं तुझ्या मनासारखं? आता ऊठ. डिक्कीत बाटली ठेवलीय, ती घेतल्याशिवाय माझे हात कापायचे थांबणार नाहीत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाज कशी वाटत नाही, पोरीला मी काय सांगू, असं मीही मराठीतच म्हटलं, आणि हळू आवाजात नाही.

काकांनी आमच्याकडे पाहिलं. “वहिनी, थांबा जरा,” ते स्वच्छ मराठीत म्हणाले. “साहेब, मघाचं हिंदीतलं राहू द्या. आत्ता मराठीत जे बोललात, तेच सगळ्यांसमोर बोला.”

यांचा चेहरा पांढराफटक पडला. दाराकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस इथे परत यायचा नाही आणि पोरगीही यायची नाही. पण ते उठले. त्यांना हिंदी सुचेना.

“मला दारू सुटत नाही,” ते मराठीत म्हणाले. “माझी मुलगी माझ्याच घरी यायला भिते.”

खोलीतल्या बहुतेकांना शब्द कळले नसतील. तरी कुणी हललं नाही. मी मात्र पदर तोंडाला लावून रडले. इतक्या वर्षांच्या संसारात यांच्या सबबी ऐकल्या, शिव्या ऐकल्या, हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं.

बैठक संपल्यावर काका स्कूटरपर्यंत आले. इथे मराठी माणूस भेटला की आधी आडनाव विचारतो, मग गल्ली, मग अमके तुमचे कोण लागतात. काकांनी काहीच विचारलं नाही. हात असे कापत असतील तर एकट्यानं झुंजू नका, सकाळीच डॉक्टरांना गाठा, एवढं सांगितलं. यांनी डिक्की उघडली आणि बाटली गटारात रिकामी केली. थोडी बुटांवरही सांडली.

घरी आल्यावर यांनी स्वतः मुलीला फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं, डिक्कीसकट. मग तिनं विचारलं, पुन्हा जाणार का?

“उद्या डॉक्टरांकडून येताना जाईन,” हे म्हणाले. “लष्करातल्या बैठकीला.”

येते असं ती म्हणाली नाही. नाही येत, असंही म्हणाली नाही. मी उठले आणि ट्रंक उघडली.