बाईंचं नाक

आमच्या डॉक्टर बाई पेशंटचा वास घ्यायच्या. अगदी जवळ नाक नेऊन. कळवणच्या त्यांच्या दवाखान्यात मी नवी डॉक्टर म्हणून रुजू झाले, त्याच दिवशी एका म्हाताऱ्याच्या पू आलेल्या कानाशी वाकून त्यांनी श्वास ओढला आणि मला म्हणाल्या, "ये, तूही घे." मला ढवळून आलं. मी तोंड फिरवलं, तशा बाई फणकारल्या, "किळस घरी जाऊन कर. इथे नाक उघडं ठेव."

ठेवलं. हळूहळू शिकले. साखर बेसुमार वाढली की तोंडाला नासक्या फळांचा वास येतो, किडनी बसली की लघवीचा. पुस्तकात मी हे वाचलं होतं, पण माणसाच्या तोंडाजवळ जाऊन ओळखायला बाईंनी लावलं.

दोन हजार सालानंतर कधीतरी बाईंच्या मुलाने त्या दवाखान्यात टेलिमेडिसिन आणलं, म्हणजे लांब बसून टीव्हीवरून पेशंट तपासायची सोय. त्याचं नाशिकला मोठं हॉस्पिटल. बाई दुपारी जिथे पाठ टेकायच्या ती खोली त्यासाठी रिकामी झाली. एसी, खिडकीला निळा पडदा, भिंतीवर टीव्ही, कॅमेरा आणि मोगऱ्याचा स्प्रे! उद्घाटनाला पुढारी आले, पेढे वाटले, फोटो निघाले. पेशंट मात्र बाहेर उन्हात ताटकळत होते. तो स्प्रे आठवला की आजही मला मळमळतं. बाई एवढंच म्हणाल्या, "दवाखान्याला दवाखान्याचा वास असावा." मुलाने हसून आईच्या खांद्यावर हात टाकला, फोटोसाठी.

मग रोज तो टीव्हीच्या पडद्यावर दिसू लागला. एका कानाला मोबाईल, तोंडात सँडविच, आणि इकडे समोर उघड्या पोटाने झोपलेली एखादी पेशंट. मध्येच चित्र अडकायचं, त्याचा घास तोंडातच थांबलेला. काय ओंगळ दिसायचं ते! एका आजीने विचारलं, "साहेब टीव्हीत हाय, त्याला माझं पोट कसं कळंल?" तो खो खो हसला. मला हसू आलं नाही.

एकदा पिंपळगावचा एक टेम्पोवाला आला. सासुरवाडीला आला होता, साखर जुनी, अंगठ्याला जखम. मुलाने पडद्यावरून पाय बघितला. "रंग छान आहे. ड्रेसिंग चालू ठेवा." बाईंनी ते ऐकलंच नाही. खाली बसल्या, पट्टी हुंगली आणि उठल्या. "अंगठा आतून सडलाय. आत्ताच नाशिकला जा."

"अवो बाई, साहेब तर बरं हाय म्हनले."

"साहेबाला नाक नाही. निघ."

अंगठा गेला, पाय वाचला. संध्याकाळी मुलगा पडद्यावर येऊन म्हणाला, "आई, हे कॅमेऱ्यात कसं दिसणार?"

"नाहीच दिसणार. म्हणून म्हणते, आठवड्यातून एकदा तरी ये इकडे."

"आता यायची गरजच काय? रोज भेटतोच की आपण." आणि खरंच तो यायचा बंद झाला. नाशिकहून कळवण असं कितीसं लांब आहे?

पुढे बाई आजारी पडल्या. पायाला सूज, जेवण नकोसं. नाशिकला जायला तयार नव्हत्या. "त्याला येऊ दे," एवढंच म्हणायच्या. शेवटी त्यांची खाट आम्ही त्याच थंडगार खोलीत नेली. पडदा उजळला. मुलाने आईकडे बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "वा, आई! फ्रेश दिसतेयस."

बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझा हात ओढला. "तू घे गं."

मी वाकले. मोगऱ्याच्या खालून बाईंच्या श्वासाला लघवीचा वास येत होता, भपकन. मला ढवळून आलं नाही, रडू आलं. बाई माझ्याकडे बघून समजल्या.

मी कॅमेऱ्याकडे वळून सांगितलं, "डॉक्टर, गाडी काढा. आत्ता निघा."

तो घड्याळ बघत म्हणाला, "तुम्ही ब्लड पाठवा ना. मी संध्याकाळी परत कनेक्ट होतो."

पू, सडलेले अंगठे, सगळं हुंगलं होतं मी त्या दवाखान्यात. पण अशी किळस मला कधी आली नव्हती. ती घरी जाऊन करायची, हे बाईंचं सांगणं मी त्या दिवशी मोडलं. मशीनचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि बाईंच्या उशाशी, अगदी जवळ, जाऊन बसले.