हातांनी म्हटलेली मीस

आम्ही हरमलचे. वडील मासेमारी करायचे, पण मी शाळेत असतानाच ते गेले. मला आणि माझ्या धाकट्या भावाला आईनेच वाढवलं. शाळा मराठी, घरातली बोली कोकणी आणि इगर्जीतली, म्हणजे चर्चमधली, पुस्तकं रोमी लिपीतली. त्यामुळे प्रार्थना मी वाचून शिकलेच नाही, आईच्या तोंडून ऐकून शिकले. आईला कुठलीच लिपी येत नव्हती. संध्याकाळी दिवा लागला की ती जपमाळ घेऊन खुर्सापुढे, म्हणजे क्रूसापुढे, बसायची आणि तेर्साला, जपमाळेच्या प्रार्थनेला, आम्हाला हाक मारायची, "चला रे, तेर्साक."

पुढे मी धारगळच्या मराठी शाळेत शिक्षिका झाले. सकाळची बस धरून जायचं, दुपारी परत यायचं. गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि आमचा किनारा बघता बघता बदलत होता. माडांखाली झावळ्यांची छपरं उभी राहिली, घराघरांत पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या. भावानेही होडी ठेवून दिली आणि वाळूवर खाण्यापिण्याचं छोटं दुकान थाटलं. रविवारी इगर्जीची घंटा व्हायची तेव्हा आमच्या वाड्यावरचे तरुण भाड्याच्या मोटरसायकली पुसत उभे असायचे. कुणी रागाने देव सोडला असं नव्हतं. जुनी छत्री कोपऱ्यात राहून जाते तसा तो राहून गेला होता.

भावाने मात्र विचार करून सोडला. तो मला म्हणाला, "बाय, मी खोटं नाही बोलणार. गुडघे टेकतो तेव्हा समोर कुणी आहे असं मला वाटतच नाही. मग कशाला टेकू?"

आई हे ऐकत मासे साफ करत होती. ती एवढंच म्हणाली, "नको टेकू. पण तेर्साच्या वेळेला तो रेडिओ तेवढा हळू कर."

भावाने रेडिओ हळू केला. पुढे कधी ते सांगावं लागलं नाही.

माझं लग्न झालं नाही. भावाचं झालं आणि त्याला मुलगी झाली. ती चालायला लागल्यापासून बापाच्या मागेच असायची. मला ती तीया म्हणायची, आत्याला आमच्यात तसंच म्हणतात. ती चार वर्षांची असताना एका दुपारी तापली आणि संध्याकाळपर्यंत ओळख दाखवेना. म्हापशाला नेलं, तिथून मोठ्या इस्पितळात पाठवलं. मेंदूज्वर, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि भाऊ बाहेरच्या बाकावर बसलो होतो, वहिनी आत होती. माझ्या हातात जपमाळ होती आणि ओठ हलत होते. भाऊ एकदम म्हणाला, "थांबव ते."

मी थांबले.

"त्याने नाही ऐकलं तर?" भावाने विचारलं. "तर मग काय करशील तू?"

जे खरं होतं तेच मी सांगितलं, "तरी त्याच्याशीच बोलेन. मला दुसरं कुणाशी बोलता येत नाही रे."

त्याने तोंड फिरवलं. मी माळ पदराखाली घेतली आणि मनातल्या मनात म्हणत राहिले. थोड्या वेळाने भावाचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. झोप लागली होती त्याला, लहानपणी लागायची तशी.

पोर वाचली. मी देवाचे आभार मानत घरी आले. काही दिवसांनी वहिनीच्या हातून तांब्या पडला आणि पाठमोरी खेळत असलेली पोर वळली नाही. वहिनीने हाक मारली, टाळ्या वाजवल्या. तापाने तिचे दोन्ही कान नेले होते.

भाऊ मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. नुसता बघायचा, आणि त्या बघण्यात इस्पितळातला तो प्रश्न असायचा. मला प्रार्थना करवेना. आईच्या शेजारी बसायचे, पण माळ नुसती हातात धरून ठेवायचे. मी मागितलं होतं ते मला मिळालं होतं, आणि तरीही देवाने माझ्या भाचीच्या कानांत समुद्रसुद्धा ठेवला नव्हता. एकदा मी अर्ध्यातूनच उठायला लागले तेव्हा आईने माझं मनगट धरलं.

"रागावलीस?"

"हो."

"मग त्याच्यापुढे बसूनच रागाव. उठून जाऊ नको."

मी बसले. कितीतरी संध्याकाळी मी नुसतीच बसत होते. शब्द कधी परत यायला लागले ते आता आठवत नाही. विश्वास परत आला म्हणण्यापेक्षा, तो गेला नव्हता, माझ्याशी अबोला धरून तिथेच बसला होता, असं मला वाटतं.

भावाने मात्र त्या दिवसांत एक काम हाती घेतलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो आणि पोर वाळूत समोरासमोर बसायचे आणि हातांची भाषा तयार करायचे. मनगट वळवलं की मासा. नाक वर करून चाललं की परदेशी पाहुणा. अंगठ्याने बोटं मोजल्यासारखं केलं की आजी, कारण आजी कायम माळ ओढत असायची. रोज नव्या खुणा निघत. वहिनीला त्या येत, मला निम्म्याअर्ध्या कळत, पण भावाचा हात धरेल असं कुणी नव्हतं.

पोरीला मीस, म्हणजे रविवारची प्रार्थनासभा, फार आवडायची. मेणबत्त्या, फुलं, पाद्रीचे रंगीत कपडे. मी तिला माझ्याबरोबर न्यायचे. एका रविवारी पाद्री प्रवचन देत असताना बाहेर कोंबडा आरवला. पाद्री थांबले आणि म्हणाले, "चला, एकाला तरी पटलं!" सगळी इगर्ज हसली. पोर गोंधळून चारी बाजूंना बघायला लागली. तिने माझी बाही ओढली, काय झालं म्हणून विचारलं. मी खूप हात हलवले, पण मला कोंबडाच दाखवता येईना. ती रडत रडत घरी आली आणि तिने बापाला सांगितलं: सगळे हसले, मी एकटी नाही.

भावाने मला विचारलं, "पाद्री काय बोलला?"

मी सांगितलं. त्याने तिच्यासमोर बसून पाद्री केला, कोंबडा केला, हसणारी माणसं केली. पोर हसून हसून लोळायला लागली. तो मात्र हसला नाही.

पुढच्या रविवारी मी निघाले तर भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. म्हणाला, "लगेच खूश होऊ नको. मी प्रार्थनेला येत नाही. हिला कळलं पाहिजे म्हणून येतो."

त्याला शेवटच्या बाकावर बसायचं होतं. पोरीने त्याला ओढत पुढे नेलं. तिला त्याचे हात दिसावेत म्हणून त्याला तिच्याकडे तोंड करून, वेदीकडे पाठ करून बसावं लागलं. बायका कुजबुजल्या. पाद्रींनी एकदा बघितलं आणि ते शब्दांमध्ये थोडा थोडा वेळ सोडत सावकाश बोलायला लागले.

भाऊ सगळं हातांनी सांगत होता. पाप, भाकर, क्षमा, कुठे अडायचा, कुठे नवी खूण काढायचा. मग सगळे उभे राहिले आणि "सत मानतां" म्हणायला लागले. म्हणजे, माझा विश्वास आहे. भावाचे हात थांबले. ह्या शब्दाची खूण त्यांच्याकडे नव्हती. पोर वाट बघत होती. तिने हनुवटी उडवून विचारलं, काय म्हणतात?

त्याने दोन्ही हात पसरले.

ती खूण मला माहीत होती. तो कधीमधी ठेवलेली होडी काढून तिला फिरवून आणायचा; होडी किनाऱ्याला लागली की पोर होडीच्या काठावर उभी राहायची, तो गुडघाभर पाण्यात उभा राहून असेच हात पसरायचा, आणि ती डोळे मिटून उडी टाकायची. पोरीने मान हलवली. तिला समजलं होतं. तिनेही आपले छोटे हात पसरले.

परतताना मी त्याला विचारलं, "हात पसरलेस तेव्हा तुला काय वाटलं?"

"दुसरं काय दाखवणार? तिला तेवढंच ठाऊक."

"आणि तुला?"

त्याने पोरीला खांद्यावर घेतलं. "माहीत नाही, बाय. ओढून घेऊ नकोस माझ्याकडून."

मी ओढलं नाही. किनाऱ्यावरचे मित्र त्याची चेष्टा करायचे, "काय रे, भगत झालास?" तो म्हणायचा, "दुभाष्या झालो. पगार नाही." कित्येक वर्षं तो दर रविवारी आला आणि वेदीकडे पाठ करून बसला. क्रूसाची खूण एकदाही केली नाही, आणि पोरीसाठी एक शब्दही गाळला नाही.

मग पोर मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत राहायला गेली, आणि भावाचं येणं थांबलं. आईने त्याला बोलावलं नाही. शेवटच्या आजारात अर्धांगाने आईची वाचा गेली, तेव्हा सुट्टीत आलेली भाची तिच्या उशाशी बसायची. आईला पाणी हवंय की कूस बदलायची आहे हे आम्हाला कळायच्या आधी तिला कळायचं. आम्ही बोलणारी माणसं तिला विचारायचो, आजी काय म्हणते?

भाची आता शिवणकाम करते, तिचं लग्न झालंय. नाताळाला ती आली की भाऊ तिच्याबरोबर इगर्जीत येतो. एरवी येत नाही. मला त्याचं दुःख होतं का, असं एका मैत्रिणीने विचारलं. होतं. पण आईला मी कधी घाईत बघितलं नाही, आणि मलाही आता घाई वाटत नाही. ज्या देवाच्या हातात पोर दिली होती त्याच्याच हातात भावालाही दिलंय.

परवा भावाकडे मासे घ्यायला गेले होते. आता पुन्हा होडी काढतो तो, दुकान कुणाला चालवायला दिलंय. मला बघून म्हणाला, "अजून तेर्सात माझं नाव घेतेस की काय?"

"रोज," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि टोपलीतले चांगले चांगले बांगडे निवडून माझ्या पिशवीत टाकायला लागला.