उशिरा मावळणारा सूर्य

आता आमच्या दहिसरच्या चाळीच्या जागी टॉवर आहे आणि गणपतीत खाली मोठा स्क्रीन लावतात. छान असतो, पण माझं मन त्यात रमत नाही. मला आठवतो चाळीतला शेवटचा गणपती आणि त्याचा चलचित्रांचा देखावा.

तो देखावा बाबांनी समोर बसून बघावा, एवढाच माझा हट्ट होता. गिरणी सुटल्यापासून दरवर्षी ते पडद्यामागे, स्टुलावर, बटणांच्या बोर्डापुढे बसायचे. टेपवर निवेदन चालायचं आणि एकेका वाक्यावर ते दिवे, मोटारी चालू-बंद करायचे. सगळ्या चाळीने देखावा पुढून पाहिला, त्यांनी फक्त त्याची पाठ पाहिली.

आता त्यांचा हात थरथरायला लागला होता. मी मरोळच्या एका ऑफिसात प्रोग्रॅम लिहायचो. म्हटलं, "बोर्ड कॉम्प्युटरला जोडतो. तुम्ही यंदा पुढे खुर्चीवर बसायचं."

"बघ हां, शेवटच्या वर्षी वाट लावशील," बाबा म्हणाले. आमच्या घरात आशीर्वाद असेच मिळतात.

देखाव्यात कोकणातल्या गावाचा एक दिवस होता. सूर्य हळूहळू उजळणार, खाडीतून होडी निघणार, तिन्हीसांजेला देवळात दिवा लागणार. प्रोग्रॅम सोपा होता: अमुक वेळ झोप, म्हणजे नुसता थांबून राहा, मग दिवा लाव, पुन्हा झोप. सूर्य सावकाश उजळावा म्हणून तर मी इवल्या इवल्या डुलक्यांची रांगच लावली होती. घरी सुरुवातीचा भाग झकास जमला. पुढचं तपासायची मला गरजच वाटली नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

पहिल्या दिवशी आरती झाली, पडदा उघडला. "होडी निघाली," निवेदक म्हणाला आणि होडी जागची हलेना. तो पुढच्या वाक्यावर गेला तेव्हा कुठे निघाली. मग तो म्हणाला, "अंधार पडला," आणि आमच्याकडे टळटळीत दुपार! मागच्या रांगेतून एक मालवणी आवाज आला, "सूर्याक आज ओव्हरटाइम आसा काय रे?" अख्खी चाळ हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा उठून पडद्यामागे आले. "सरक. मी बसतो बोर्डावर."

"तुम्ही मागे बसलात तर सगळंच फुकट, बाबा! जरा वेळ द्या ना." मी ओरडूनच बोललो. ते परत खुर्चीवर जाऊन बसले.

झोपलेल्या प्रोग्रॅमला सांगितलेल्या वेळेआधी उठवायचं नाही, एवढंच कॉम्प्युटर पाळतो. नंतर किती वेळाने उठवायचं, ते त्याच्या सवडीवर. लहानपणी दुपारी आई मला उठवायची तसंच. लवकर कधीच नाही, थोडा उशीर ठरलेला. एका डुलकीत तो कळतही नाही, पण माझ्या शेकडो डुलक्यांचे उशीर एकमेकांवर चढत गेले होते. मी मांडणीच बदलली. निवेदन सुरू झाल्याची वेळ धरून ठेवायची, दरवेळी घड्याळ बघायचं आणि उरली असेल तेवढीच झोप घ्यायची. मग मागचा उशीर पुढच्याच्या माथी बसत नाही.

दुसरा खेळ लागला. होडी शब्दाबरोबर निघाली. अंधार पडला. मी पडद्याच्या कडेला उभा राहून बाबांकडे बघत होतो. दर वाक्याला त्यांचा अंगठा खुर्चीच्या हातावर दाबला जात होता. देवळातला दिवा लागला तेव्हा अंगठा थांबला.

माणसं उठून गेली तरी ते बसूनच होते. मी विचारलं, "जमलं ना?"

"तुझी आई दरवर्षी जेवताना सांगायची," ते म्हणाले, "दिवे लागतात तेव्हा कसं दिसतं, पोरं कशी गप्प होतात. मला वाटायचं, माझं मन राखायला बोलते."

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. विसर्जनापर्यंत बाबा रोज त्याच जागी बसले. गर्दी झाली तरी शेजारची खुर्ची त्यांनी कुणाला घेऊ दिली नाही.