हॅलिबट, हार्पून आणि माझा डावा पाय

मी आयुष्यात एकदाच एका जिवंत प्राण्यावर भाला चालवला आहे, आणि चालवण्याआधी मी त्याला ‘सॉरी’ म्हणालो होतो.

तेव्हा आम्ही कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या कोक्विटलामला राहायचो. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. तोवर हातात घेतलेलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा स्क्रेपर! बायको मधुरा अलिबागची, त्यामुळे घरात मासे यायचे. पण ते ग्रोसरीतून, तुकडे होऊन, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. म्हणजे सभ्यपणे.

त्या उन्हाळ्यात तिचे अण्णाकाका विंडसरहून आमच्याकडे राहायला आले. काका रिटायर्ड डॉक्टर. जन्मभर पेशंटना भूल देण्याचं काम केल्यामुळे समोरचा माणूस उलट बोलू शकतो, याची त्यांना सवयच नव्हती. नुकताच त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. काकूंनी मला फोनवर बजावलं होतं, “ह्यांना जड उचलू देऊ नका, चिडू देऊ नका. बोटीत बसायचा हट्ट धरलाच तर व्हेल बघायला न्या. लांबून!”

पहिल्याच संध्याकाळी काका म्हणाले, “समीरराव, आपण हॅलिबट धरायचा.”

“काका, काकूंनी व्हेल म्हटलंय.”

“व्हेल फार मोठा होतो. मी तडजोड करतोय.”

हॅलिबट म्हणजे पापलेटच्या घराण्यात एखादा राक्षस जन्माला यावा, तसा चपटा मासा. दोन्ही डोळे एकाच बाजूला. मोठा असला तर माणसापेक्षा जड भरतो, आणि तसाच जिवंत बोटीत ओढला तर शेपटीच्या फटक्यानं पाय मोडतो. म्हणून त्याला आधी पाण्यातच हार्पून, म्हणजे दोरी बांधलेला भाला, मारून जखडायचं आणि मगच वर घ्यायचं. ही सगळी माहिती मला मधुराच्या ऑफिसातल्या ग्लेननं दिली. ग्लेनची व्हँकुव्हर आयलंडवर छोटी बोट होती. तो आम्हाला न्यायला तयार होता, फक्त त्याचा हार्पून मोडला होता. “नवीन तुम्ही घेऊन या,” तो म्हणाला.

मी इंटरनेटवर इतका अभ्यास केला की तेवढा घर घेतानाही केला नव्हता. दुकानात गेलो तर काउंटरमागे एक धिप्पाड बाई. तिनं दोन हार्पून पुढे ठेवले. एकाचं टोक दांड्याला पक्कं बसवलेलं, दुसऱ्याचं सुटं.

“सुट्या टोकाचा घ्या,” ती म्हणाली. “टोक माशात राहतं, दांडा तुमच्या हातात राहतो. टोकाला दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला हा मोठा फुगा. मासा पळतो आणि फुगा ओढून ओढून दमतो. एवढंच लक्षात ठेवा, दोरी माणसापासून लांब!”

मी हसलो. (इतकं उघड कोणाला सांगावं लागत असेल?)

दांड्याची लांबी काकांनी ठरवली. दुकानातला सगळ्यात लांब! “सुई आखूड पडली की पंचाईत होते,” ते म्हणाले. त्यामुळे आमच्या छोट्या गाडीत तो दांडा पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत, माझ्या आणि काकांच्या मधून गेला. टोकावर मधुराचा लोकरी मोजा चढवला होता. गाडी फेरीबोटीवर चढवताना तिथल्या माणसानं वाकून विचारलं, “सर, व्हॉट इज दॅट?”

“फॅमिली व्हेकेशन,” काकांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट खुल्या समुद्रात गेली आणि माझं हसू बंदरातच राहिलं. राखाडी आभाळ, बोट उचलून खाली आदळणारं पाणी. गमबूट मी आणलेच नव्हते, म्हणून काकांचे जादाचे घातले होते. ते मला चांगलेच ढगळ व्हायचे. मधुरा रेलिंग धरून बसली होती. बराच वेळ काही झालं नाही. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो की असंच काही न होवो.

आणि काकांच्या गळाचा रॉड एकदम पाण्याकडे वाकला!

“हॅलिबट!” ग्लेन ओरडला. “बिग वन!”

पुढचा वेळ फार वाईट होता. मासा थोडा वर यायचा आणि पुन्हा सरळ तळाकडे सूर मारायचा. काकांचा चेहरा आधी गुलाबी, मग लाल, मग मला नाव माहीत नाही अशा रंगाचा झाला. कपाळावर घाम, आणि हवा तर थंडगार.

“काका, रॉड समीरकडे द्या,” मधुरा म्हणाली.

“त्याच्याकडे हार्पून दिलाय. माणसाला एका वेळी एकच जबाबदारी द्यावी!”

“तुमची छाती...”

“छाती माझी आहे!”

काकूंना फोनवर काय सांगायचं, याची वाक्यं मी जुळवायला लागलो. ‘काकू, आधी बसून घ्या’च्या पुढे मला काही सुचेना. हात इतके घामेजले की दांडा निसटायला लागला.

मग पाण्यात खोलवर एक तपकिरी सावली दिसली. सावली वर येत गेली, मोठी होत गेली, आणि आमच्या डायनिंग टेबलाएवढी झाल्यावर तिला डोळे फुटले. दोन्ही एकाच बाजूला. दोन्ही माझ्याकडे!

ग्लेननं हातमोज्यात गळाचा दोरा पकडला. “डोकं पाण्याबाहेर येऊ देऊ नका, बिथरेल! सॅम, कल्ल्याच्या मागे मार! नाऊ!”

सॅम म्हणजे मी, हे कळायला मला क्षणभर लागलं.

“सॉरी,” मी माशाला म्हणालो, डोळे मिटले आणि सगळा जोर लावून हार्पून मारला.

आणि लागला! नेमका कल्ल्यामागे! टोक आत राहिलं, दांडा सुटून हातात आला, अगदी त्या बाईंनी सांगितलं होतं तसं. मी दांडा उंच धरून उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदाच सासरच्या माणसांसमोर मला काहीतरी जमलं होतं!

“सॅम!” ग्लेन किंचाळला. “यू आर स्टँडिंग इन द लाइन!”

आता कॅनडात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला लाइनमध्ये उभं राहणं हा सद्गुण वाटतो. ग्लेन माझं कौतुक करतोय, असंच मला वाटलं. “थँक यू,” मी म्हणालो.

मग खाली पाहिलं. ग्लेनची ‘लाइन’ म्हणजे दोरी! दोरीचं वेटोळं सरसर सुटत होतं आणि मी त्याच्या बरोबर मध्ये उभा होतो.

मासा खाली गेला. फास डाव्या बुटाभोवती आवळला आणि मी आडवा झालो. पाय बोटीच्या काठावरून बाहेर, पाठ फळीवर, आणि ती ओढ! माणसाच्या ताकदीची ओढ नव्हती ती. मधुरानं झेप घालून माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे धरले.

“काका, रॉड सोडा! ह्याला धरा!”

“मासा जाईल!”

“जावई जाईल!”

काका क्षणभर गप्प झाले. (तो क्षण जरा लांबच होता, असं माझं आजही मत आहे.) मग त्यांनी रॉड ग्लेनच्या अंगावर टाकला आणि माझ्या दोन्ही काखांत हात घातले.

“समीरराव, पाय सोडा!”

“पाय कसा सोडू? माझा आहे!”

“बूट! बुटातून पाय सोडा!”

मी पंजा ताणला. टाच अडकली, सुटली, पुन्हा अडकली. ग्लेन सुरी घेऊन दोरीकडे झेपावला, तेवढ्यात सर्रकन आवाज झाला. माझा पाय आत आणि बूट समुद्रात! पाठोपाठ फुगा काठावर आपटून पाण्यात उडाला.

आम्ही तिघं एकमेकांच्या अंगावर पडून होतो. आणि मग काकांनी डोळे मिटलेले मला दिसले.

“काका?” मधुरा पुटपुटली. “छातीत दुखतंय?”

काकांनी हळूच हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं.

“पल्स फार वाढलाय तुमचा,” ते म्हणाले. “हृदयाची काळजी घेत जा.”

मधुरा हसायला लागली आणि मधेच रडायला लागली. माझा मोज्यातला गारठलेला पाय दोन्ही हातांत धरून ती बराच वेळ तशीच बसून राहिली.

फुगा बराच वेळ बुडत, वर येत फिरला आणि शेवटी थांबला. ग्लेननं दोरी ओढायला घेतली. आधी बूट आला, पाण्यानं टम्म भरलेला. मग मासा. पुढचं सगळं ग्लेननं एकट्यानं केलं. मला त्यानं बोटीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि कशालाही हात लावू नकोस म्हणून सांगितलं.

धक्क्यावर तो मासा टांगला तेव्हा भोवती गर्दी जमली. काका प्रत्येकाला सांगत होते, “हार्पून आमच्या जावयानं मारला!” मी एका पायात बूट आणि एका पायात ओला मोजा घालून, पण छाती काढून उभा होतो. गर्दीतल्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं माशाभोवती चक्कर मारली, शीळ घातली आणि ग्लेनला विचारलं, “आमिष काय लावलं होतंत?”

ग्लेननं माझ्याकडे बोट दाखवलं.

म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाला, “पुढच्या वेळी जरा जाडसर घ्या.”