चार बोटं

ठासणीच्या बंदुकीची एक खोड असते. ती एकदा भरली की रिकामी करायचा सोपा मार्ग एकच, बार काढायचा. काडतुसाची बंदूक मोडून काडतूस खिशात टाकता येतं. इथे नळीच्या तोंडातून आधी दारू, मग काथ्याचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, असं सगळं गजाने ठासलेलं असतं. मसुऱ्यात आमच्या वाडीत शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेल्या अशा चारपाच बंदुका होत्या. बंदूक हातात घेतली की पहिला प्रश्न ठरलेला: भरलेली की रिती?

बाबांची बंदूक आजोबांच्या वेळची. नळी जुनी, दस्ता एकदा फुटला म्हणून गावच्या सुताराने फणसाच्या लाकडाचा करून दिलेला. गज लोखंडी, आणि त्यावर कानशीने घातलेली एकच खाच. गज नळीत सोडायचा. खाच नळीच्या तोंडाशी टेकली तर बंदूक रिती. खाच चार बोटं वर राहिली तर भरलेली. मी दहा वर्षांची असल्यापासून मला हे येत होतं. घरात मुलगा नव्हता, त्यामुळे मुलग्याला शिकवायचं ते सगळं बाबांनी मला शिकवलं आणि वर आईची बोलणीही खाल्ली.

शेजारचे काका आयुष्यभर बोटीवर नोकरी करून घरी परतले आणि त्यांनीही परवाना काढला. त्यांची बंदूकही ठासणीचीच, पण नवी, कारखान्यातून आलेली. दस्ता पॉलिशने चकाकणारा, दारू घालायला पितळी माप, गजाच्या टोकाला बसवायला एक मळसूत्री आकडा. आणि गजावर दोन रेघा, एक रित्या बंदुकीची, एक भरलेल्या बंदुकीची. बाबांना त्या दोन रेघांचं फार हसू यायचं.

"भरलेली हा की रिती, ह्यां काय वाचूक लागता?" ते काकांना म्हणायचे. "शाळा काढ मगे बंदुकीची. माझा चेडू आसाच मास्तरीण." चेडू म्हणजे मुलगी, मी.

"हस रे," काका म्हणायचे. "तुझी नळी एक दिवस फाटतली, तेवा कळात."

दोघांचं हे भांडण संध्याकाळी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, चालायचं. काका पितळी मापाने दारू मोजायचे, बाबा तळव्यावर. वानर मारायचं दोघांच्याही मनात नसे. काजूला मोहोर आला की वानरांच्या टोळ्या उतरायच्या, तेव्हा हवेत एक बार काढायचा, एवढंच. तरी बाबा छर्रे घालायचेच. छर्ऱ्यांशिवाय बार म्हणजे नुसती बोंब, असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा विजयदुर्गला शाळेत शिकवत होते. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, मी एकटीच मुलगी, लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी पकडायची, रविवारी संध्याकाळी परत. मधले पाच दिवस बाबा घरात एकटे आणि मी खाडीकडच्या भाड्याच्या खोलीत एकटी. बुधवारी संध्याकाळी बूथवरून फोन करायचा, हा नेम. "मी बरो आसंय," हे त्यांचं पहिलं वाक्य. मी विचारायच्या आधीच सांगून टाकायचे. मला ते खरं वाटायचं, कारण ते खरं असणं माझ्या सोयीचं होतं.

दोन हजार चार साल लागलं होतं, पौषातला बुधवार. बूथच्या बाहेर माझ्या मागे तिघंजण ताटकळत होते. बाबांनी विचारलं, "शनवारी येतलंस मां?" मी हो म्हटलं. काजूचं, पाण्याच्या पंपाचं बोलणं झालं. मग पुन्हा, "शनवारी येतलंस मां?" मी फटकन म्हटलं, "किती वेळा तेच विचारता? एकदा सांगितलं ना!" आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी काकांना ते खळ्यात पडलेले दिसले. त्या आठवड्यात मी एक दिवस आधी घरी आले.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले, आणि मग माझं लक्ष बंदुकीकडे गेलं. ती खुंटीवर नव्हती. दाराच्या मागे उभी होती, म्हणजे भरलेली. बाबांची शिस्त तशी होती, रिती खुंटीवर, भरलेली दाराआड. घोड्याखाली ठेवायची तांब्याची टोपी, तिला आमच्याकडे केप म्हणतात, ती काढून तपकिरीच्या डबीत ठेवलेली. मी गज आत सोडला. खाच वर राहिली. बोटं लावली तर चारापेक्षा बरीच जास्त भरली. मी मनाशी म्हटलं, बाबांची बोटं जाडजूड, माझी काटकुळी, फरक पडणारच. पुन्हा बंदूक दाराआड ठेवून दिली.

परवाना बाबांच्या नावाचा, तेव्हा बंदूक लगेच ठाण्यात जमा करायला हवी होती. पण गावात कुणी घाई केली नाही आणि मीही केली नाही. काका दोनदा म्हणाले, "मी बार काढतंय गो, रिती करून ठेव." मी नको म्हटलं. कारण सांगितलं नाही. ती दारू बाबांनी तळव्यावर मोजलेली होती, तो काथ्या त्यांनी पिळलेला होता. कपडे देऊन टाकले, चपला कुणीतरी नेल्या, अंथरूण जाळलं. त्यांच्या हातचं एवढं एकच काम अजून पूर्ण व्हायचं राहिलं होतं. ते मला संपवायचं नव्हतं. शनिवारी घरी आले की मी आधी दाराआड बघायची आणि मग दिवा लावायची. वेडेपणाच होता, पण विचारायला घरात होतं कोण?

मग निवडणूक लागली. निवडणूक आली की सगळ्यांनीच बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात, आणि त्या रित्या करूनच. पोलीस पाटलांचा निरोप आला: या सोमवारी नेऊन दे. मी शाळेला रजा टाकली. म्हटलं, बार मीच काढीन. बाबांनी भरलेला बार दुसऱ्या कुणी काढायचा नाही.

रविवारी सकाळी काकांना हाक मारली, नुसतं सोबतीला. काजूच्या बागेच्या टोकाशी आम्ही उभे राहिलो. मी डबीतून केप काढली, तसे काका म्हणाले, "थांब. माप बघितलंस?"

"बघितलं. चार बोटं."

"कोणाची बोटां?"

काकांनी माझ्या हातातून बंदूक घेतली, गज सोडला आणि आपली बोटं लावली. बाबांच्या बोटांएवढीच जाड होती ती. चार झाली, मग दुसऱ्या हाताची चार. दोन्ही हात पुरे लागले. काकांनी गज हळूच बाहेर काढला.

"बाय माझे," ते म्हणाले, "दोन बार आसत आत. एकावर एक. घोडो ओढलं असतंस तर नळी तोंडार फुटली असती."

त्यांनी नळीत पाणी ओतलं आणि बंदूक दिवसभर माडाला टेकून ठेवली. उन्हं कलल्यावर त्यांच्या नव्या बंदुकीचा गज आणला, टोकाला तो मळसूत्री आकडा बसवला आणि एकेक बोळा ओढून काढायला लागले. काथ्याचा बोळा. छर्रे. काथ्या. दारूचा काळा चिखल. आणि खाली पुन्हा तेच सगळं, त्याच क्रमाने, तितक्याच नीटपणे. वर्तमानपत्रावर दोन सारखे ढीग झाले.

बाबा बंदूक भरून दाराआड ठेवायला विसरले असतील, किंवा ठेवलेलीच विसरले असतील. मग पुन्हा भरली. दोन्ही वेळा मन लावून, जराही चूक न करता भरली होती. चूक इतकीच, की पहिल्यांदाची दुसऱ्यांदा आठवली नाही आणि गज सोडून बघायचं सुचलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी काकांना म्हटलं. त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

"म्हयनोभर चल्ला होता," ते म्हणाले. "सकाळी येऊन इचारी, आज वार खंयचो? मी सांगी. घराकडे जाऊन परत येई नि परत इचारी. माका म्हटल्यान, चेडवाक सांगू नको. सांगलंस तर ता नोकरी सोडून येतला."

मी काकांना वाटेल ते बोलले. म्हटलं, तुम्ही शेजारी कसले, तुमच्या दोन रेघा तेवढ्या ठाऊक. ते सगळं ऐकून घेत गजाचा चिखल पुसत राहिले. खरं म्हणजे मला राग माझा आला होता. काकांना वारावरून कळलं. मला तर बाबांनी दर बुधवारी फोनवर कळवलं होतं, आणि शेवटच्या वेळी दोनदा.

सोमवारी बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने मालवणला नेली. ठाण्यात गावोगावच्या बंदुका भिंतीशी ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीच्या दस्त्याला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. माझा नंबर आला. टेबलामागचा हवालदार वयस्कर होता, चष्मा पुसून पुसून लिहीत होता. परवाना कोणाच्या नावे, ते वडील का, वारले का, वारस म्हणून अर्ज करणार का, असं सगळं विचारलं. करणार, म्हटलं.

"बंदूक रिकामी आहे ना?"

"रिकामी आहे," मी म्हटलं, आणि गज सोडून दाखवला. खाच नळीच्या तोंडाशी बरोबर टेकली.

त्याने मान हलवली, चिठ्ठी लिहिली, सुतळी शोधली, बांधली. मग मध्येच थांबून त्याने वर बघितलं.

"रिकामी आहे ना बाई?"

माझ्या मागे रांग होती. कुणीतरी वैतागून सुस्कारा टाकला. मी गज पुन्हा नळीत सोडला, त्याला नीट दिसेल असा धरला.

"हो," मी म्हटलं. "रिकामी आहे. पुन्हा विचारलंत तरी चालेल."