मालकाच्या हातून पहिला नंबर

वडील गेल्यावर घरात त्यांच्या कामगार चळवळीतल्या पत्रकांचा गठ्ठा उरला. मी वाचायला शिकले ती त्यावरच. हुपरीतल्या आमच्या एका खोलीत आई पैंजणांच्या कड्या जोडायची. मालक चांदी तोलून द्यायचा, पैंजण तोलून घ्यायचा. घासताना जी चांदी धूळ होऊन जायची, ती आईच्या मजुरीतून वळती व्हायची.

दहावीत असताना कोल्हापुरात, मंगळवार पेठेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय ‘गरिबीची कारणे’. सरांनी भाषण लिहून दिलं: लोकसंख्या, निरक्षरता, व्यसन, आळस. बक्षिसं आमच्याच मालकाकडून होती.

“सरांनी लिवून दिलंय तेवढंच बोल,” वेणी घालताना आईनं बजावलं. “तुझ्या बाची पत्रकं तितं नगं काढू. माझं काम जाईल.”

व्यासपीठावर गेले आणि ते शब्द तोंडातून निघेनात. मी एकुलती एक. आई सातवी पास. वडिलांनी दारूला कधी हात लावला नाही. आणि आळस? तो करायला आईला वेळ कुठं होता? मी म्हटलं, “आमच्या घरात यातलं एकही कारण नाही, तरी आम्ही गरीब आहोत. का ते सांगते.” आणि त्या धुळीचं सगळं सांगितलं.

पहिल्या रांगेत मालक हसला. पहिला नंबर त्यानंच दिला. “लई बोलती की पोरगी! वकील हुनार जनू!”

सोमवारी त्याचा माणूस चांदी वाटायला सायकलवरून गल्लीत आला आणि आमच्या दारावरून तसाच पुढं गेला. आई मागं धावली.

“अवो दादा, आमचं ऱ्हायलं की!”

“तुमची लेक वकील हाय न्हवं, मावशी? आता कड्या कशाला जोडताय?”

अशा वेळी एकत्र या, असं पत्रकांत लिहिलेलं. मी शेजारच्या काकूंकडे गेले. रोज दुपारी त्या आपलं काम घेऊन आईजवळ बसायच्या. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

“जा बाई घरला. कोन बगंल.”

मला त्यांचा राग आला. मालकाचा त्याहून जास्त आला, अजून येतो. माणसाला माणसापासून तोडल्याशिवाय इतकी स्वस्त मजुरी मिळतच नाही, हे कुठल्या पत्रकात नव्हतं. ते भाषण मी आजही मागे घेणार नाही.

आई पहाटेच्या एसटीनं कोल्हापूरला धुण्याभांड्यांना जाऊ लागली. शाळेतून येऊन मी कुलूप काढायचे. घराघरातून कड्या ठोकल्याचा आवाज यायचा, मधूनच बायकांचं हसणं. दिवेलागणीला आई परत येईपर्यंत आमच्या दारात कुणी थांबायचं नाही.